नकाराचे पत्र आणि खुला हिशेब: कलावंतांना अर्थसाहाय्य करणाऱ्या ट्रस्टसाठी मार्गदर्शिका

महाराष्ट्रात कलेसाठी पैसा देणारे ट्रस्ट नाना प्रकारचे आहेत. कोणी दिवंगत गायकाच्या स्मरणार्थ कुटुंबीयांच्या देणगीतून उभा केलेला असतो, कोणी एखाद्या उद्योगसमूहाच्या निधीवर चालतो, तर कोणी नाट्यव्यवसायातील मंडळींनी वृद्ध सहकाऱ्यांसाठी पै-पै जमवून काढलेला असतो. यांतील बहुतेक ठिकाणी विश्वस्त मानधन न घेता, आपला वेळ खर्चून, मनापासून काम करतात. तरीही ज्या कलावंतांसाठी हे सारे चालते त्यांच्यात बसले, की एक वाक्य हमखास कानावर येते: "तिथं ओळख असल्याशिवाय काही होत नाही." या वाक्याने विश्वस्त दुखावतात आणि ते स्वाभाविक आहे, मात्र ते कशामुळे जन्माला येते हे नीट पाहिले पाहिजे. पैसा कोणाला दिला हे ट्रस्ट समारंभपूर्वक सांगतो. कोणाला दिला नाही आणि का दिला नाही, याविषयी तो अवाक्षर काढत नाही. कारण न कळलेला माणूस स्वतःच कारण शोधतो आणि आपल्याकडे सर्वांत आधी सुचणारे कारण वशिला हेच असते.

कोणत्याही फेरीत मदत मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्यांची संख्या जास्त असते. ही माणसे आपल्या फडात, मंडळात, गावात परत जातात आणि ती जे बोलतात तेच ट्रस्टचे नाव होते. म्हणून मोकळेपणाचे काम नाकारलेल्या अर्जदारांपासून सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. स्मरणिका, छायाचित्रे आणि सत्कार यांचा क्रम त्यानंतर लागतो. पुढील सूचना महाराष्ट्रातील लहान व मध्यम ट्रस्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, जिथे पगारी कर्मचारी एखाद-दुसरा असतो आणि बाकी काम विश्वस्तच करतात.

आपले लोक कोण, हे आधी लिहून काढावे

विश्वस्तांच्या बैठकीत "आपला कलावंत समाज" हे शब्द सहज वापरले जातात. परंतु तो समाज कागदावर मांडायला बसले, की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी माणसे असल्याचे लक्षात येते. एका कागदावर चार प्रकारची माणसे लिहावीत: मदत मिळालेले, अर्ज करून नाकारले गेलेले, अर्जच न केलेले आणि पैसा देणारे. यांतील तिसरा गट बहुधा कोराच राहतो आणि खरे शिकायचे असते ते तिथेच. तमाशाच्या फडाचे उदाहरण घेतले तर फडमालक आणि नावाजलेल्या कलावंत यांच्यापर्यंत ट्रस्टची माहिती पोहोचते. पण ढोलकीवाला, सोंगाड्या, पेटीवाला, तंबू उभारणारे मजूर, गाडीचा चालक आणि जनरेटर सांभाळणारा मुलगा यांना अशी काही सोय आहे हे ठाऊकही नसते.

२०२० साली हे फार उघड्यावर आले. देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तो २५ मार्चचा दिवस गुढीपाडव्याचाच होता. पुणे जिल्ह्यातील नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन तमाशाच्या सुपाऱ्या ठरवतात ते हेच दिवस. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही यात्रा बंद राहिल्या आणि फड ऐन हंगामात घरी बसले. फडमालकांनी हंगामाआधी कर्ज काढलेले असते, कलावंतांनी मालकांकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे नुसते उत्पन्न थांबले असे झाले नाही. डोक्यावरचे देणेही तसेच राहिले. त्या काळात अनेक संस्थांनी आणि व्यक्तींनी शिधा व रोख मदत दिली आणि तिने चुली पेटत्या ठेवल्या. पण घाईत याद्या बनतात त्या ज्यांचे फोन नंबर हाताशी असतात त्यांच्या. आपल्या यादीत कोण नव्हते, हा प्रश्न प्रत्येक ट्रस्टने संकट नसतानाच स्वतःला विचारावा; त्यासाठी फडाच्या, मंडळाच्या किंवा नाट्यगृहाच्या पातळीवर एकेक संपर्कव्यक्ती नेमावी आणि ती व्यक्ती कोण आहे हे जाहीर करावे.

कायद्याचे कागद आणि लोकांचे प्रश्न

"आमचे सगळे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, यापेक्षा अधिक पारदर्शकता काय असते?" असे पुष्कळ विश्वस्त विचारतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे. त्यानुसार नोंदलेल्या ट्रस्टला हिशेब ठेवावे लागतात, त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. हे सर्व आवश्यकच आहे. मात्र ताळेबंद हा लेखापरीक्षकाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि कलावंताच्या मनातील प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. त्याचा प्रश्न साधा असतो: तुमच्याकडे एवढे पैसे असताना मला पन्नास हजार का मिळाले नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. समजा, ट्रस्टचा कायम निधी २ कोटी रुपयांचा आहे. हा आकडा ऐकणाऱ्याला वाटते की वाटायला २ कोटी आहेत. प्रत्यक्षात हा निधी मोडायचा नसतो. तो बँकेत ठेवलेला असतो आणि ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला १४ लाख रुपये हाती येतात. आयकरातील सवलत टिकवायची असेल तर उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम ट्रस्टच्या उद्दिष्टांवर खर्च झाली पाहिजे, म्हणजे सुमारे ११ लाख ९० हजार. कार्यालयाचे भाडे, एका सहायकाचा पगार आणि लेखापरीक्षकाची फी असे २ लाख त्यातूनच गेले, तर प्रत्यक्ष मदतीसाठी साधारण १० लाख उरतात. ५० हजारांची मदत द्यायची ठरवली तर ती वीस जणांना पुरते. अर्ज दीडशे आले असतील तर एकशेतीस जणांना नकार जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे.

एवढा हिशेब एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत छापून कार्यालयाच्या दारावर लावावा आणि प्रत्येक अर्जासोबत द्यावा. व्याजदर घसरला की मदतीच्या जागा का कमी होतात, हेही मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. प्रशासकीय खर्चाचा आकडा दाखवायला विश्वस्त बिचकतात. तो मुळीच लपवू नये. दोन लाखांत एक माणूस वर्षभर अर्ज वाचतो, फोन घेतो, गावी जाऊन कलावंतांना भेटतो, हे सांगितले तर समजूतदार माणसाला तो खर्च खुपत नाही. लपवलेला खर्च मात्र लहान असला तरी संशय वाढवतो.

खासगी देणग्यांवर चालणाऱ्या ट्रस्टला माहितीचा अधिकार कायदा, २००५ सहसा थेट लागू होत नाही. तो लागू होतो शासकीय निधीवर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थांना. या तांत्रिक मुद्द्याचा आधार घेऊन माहिती नाकारणारे विश्वस्त कायद्याच्या दृष्टीने बरोबर असतात, परंतु करसवलत ही समाजाने दिलेली सवलत आहे आणि तिच्या बदल्यात समाजाने प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे.

जाहिरात कोणत्या महिन्यात आणि कोणत्या रस्त्याने

ट्रस्टचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून बहुतेक ठिकाणी अर्ज हिवाळ्यात मागवतात आणि मार्चच्या आत वाटप उरकतात. कार्यालयाला हे सोयीचे असले तरी लोककलावंतांना ते अत्यंत गैरसोयीचे आहे. तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखातील यात्राजत्रा संपेपर्यंत फिरतीवर असतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई (तिथली जत्रा) भरू लागते आणि वडसा येथील नाट्यमंडळींचा हंगाम सुरू होतो. पुढचे काही महिने तिथल्या नटाला रोज रात्री प्रयोग आणि दिवसा प्रवास एवढेच माहीत असते. सिंधुदुर्गातले दशावतारी कार्तिकापासून जत्रांमध्ये गुंततात. या सर्वांना डिसेंबरअखेरची मुदत देणे म्हणजे अर्ज करू नका असे सांगण्यासारखे आहे. पावसाळ्यात ही सारी मंडळी घरी असतात. जून ते ऑगस्ट या काळात अर्ज घ्यावेत, दसऱ्याच्या आत निर्णय कळवावेत. मार्चपूर्वी रक्कम खर्ची घालायलाही मग पुरेसा अवधी राहतो.

जाहिरात वृत्तपत्रात एकदा दिली की आपले कर्तव्य संपले, असे समजू नये. ती नारायणगावच्या राहुट्यांवर लावावी, वडशातील नाट्यमंडळांच्या कार्यालयांत पोहोचवावी, नाट्यगृहांच्या रंगपटात चिकटवावी आणि व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशाच्या रूपात पाठवावी. लेखी मजकूर वाचायला ज्यांना अवघड जाते त्यांच्यापर्यंत बोललेला संदेश पोहोचतो आणि तो पुढे पाठवणेही सोपे असते. त्या संदेशात मदत कशासाठी मिळते याइतकेच स्पष्टपणे ती कशासाठी मिळत नाही हेही सांगावे. वाद्यदुरुस्तीला मिळते पण घरदुरुस्तीला मिळत नाही, आजारपणाला मिळते पण जुने कर्ज फेडायला मिळत नाही, असे सरळ सांगितले तर कितीतरी माणसांची पायपीट वाचते.

अर्जाच्या भाषेबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९३ साली स्थापन झाली आणि १९९५ पासून देशभरातील कलावंतांना व संशोधकांना अनुदाने देत आली आहे. देशभर पसरलेल्या अर्जदारांचा व्याप असूनही ती इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांमधील प्रस्ताव स्वीकारते. मग ज्या ट्रस्टचे सर्व अर्जदार मराठी आहेत त्याने प्रकल्प-अहवालाच्या छापाचा इंग्रजी अर्ज का ठेवावा? तोंडी सांगितलेला अर्जही घ्यावा. कार्यालयातील व्यक्तीने तो ऐकून लिहावा, परत वाचून दाखवावा आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा.

निवड समितीची ओळख

समितीची नावे गुप्त ठेवली म्हणजे तिच्यावर दबाव येत नाही, असा एक समज आहे. लहान कलाक्षेत्रात नावे आठवड्याभरात फुटतात. आणि मग दबाव तर येतोच, वर लपवाछपवीचा आरोपही येतो. त्यापेक्षा निकाल जाहीर करताना समितीची नावेही जाहीर करावीत, प्रत्येक सदस्याची मुदत दोन किंवा तीन वर्षांची ठेवावी आणि दरवर्षी एक तरी सदस्य बदलावा.

हितसंबंधांचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. संगीतात गुरुशिष्य परंपरा आहे, लोककलेत घराणी आहेत, नाटकात सगळ्यांनी सगळ्यांबरोबर काम केलेले असते. कोणाशीच संबंध नसलेला परीक्षक शोधायचा म्हटले तर त्या कलेची जाण नसलेलाच सापडेल. म्हणून संबंध असू नयेत असा नियम करण्याऐवजी संबंध सांगितले जावेत असा नियम करावा. सदस्याने आपला शिष्य, नातेवाईक किंवा सध्याचा सहकारी यांचा अर्ज आल्यास तसे सांगावे, त्या अर्जाच्या चर्चेपुरते खोलीबाहेर जावे आणि ही गोष्ट इतिवृत्तात लिहिली जावी. वर्षाच्या शेवटी अशा प्रसंगांची संख्या, नावांशिवाय, प्रसिद्ध करावी. "यंदा चार अर्जांच्या वेळी संबंधित सदस्य चर्चेतून बाहेर राहिले" अशी एक ओळ निःपक्षपातीपणाविषयीच्या दहा भाषणांपेक्षा अधिक विश्वास निर्माण करते.

नकाराचे पत्र

आता या मार्गदर्शिकेतील सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे येऊ. नकार चार प्रकारचे असतात आणि चारही वेगवेगळ्या शब्दांत कळवले पाहिजेत. पहिल्यात अर्ज नियमात बसत नाही. दुसऱ्यात अर्ज चांगला असतो, पण पैसा संपलेला असतो. तिसऱ्यात प्रस्तावात काही उणीव राहिलेली असते, जी भरून काढता येते. चौथ्यात समितीला तो प्रस्ताव इतरांइतका पटलेला नसतो. "आपल्या अर्जाचा विचार करता आला नाही, याबद्दल दिलगीर आहोत" हे छापील वाक्य या चौघांनाही जाते तेव्हा नियमात न बसणारा पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा करतो, उणीव असलेला ती तशीच ठेवतो आणि थोडक्यात हुकलेला उत्तम कलावंत पुन्हा कधीच अर्ज करत नाही. हे शेवटचे नुकसान सर्वांत मोठे आहे.

तिसऱ्या प्रकारचे पत्र कसे असावे याचा एक नमुना देतो.

"आपला 'दशावतारी नाटकांतील पारंपरिक पदांचे ध्वनिमुद्रण' हा प्रस्ताव समितीच्या तिन्ही सदस्यांनी वाचला आणि तो अंतिम चर्चेपर्यंत आला होता. या फेरीत वीस जणांना मदत देता येणार होती आणि एकशे अठ्ठेचाळीस अर्ज आले होते. विषयाच्या महत्त्वाविषयी आणि आपल्या अनुभवाविषयी समितीला शंका नव्हती. दोन गोष्टींमुळे निर्णय घेता आला नाही. पदे ज्या ज्येष्ठ कलावंतांकडून घेणार त्यांची नावे व संमती प्रस्तावात नव्हती आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च एकाच ठोक रकमेत दिला होता. स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन आणि प्रवास यांची वेगवेगळी मांडणी केलीत तर समितीला विचार करणे सोपे जाईल. पुढील फेरी जूनमध्ये सुरू होईल. या अर्जाविषयी बोलायचे असल्यास सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी ११ ते १ या वेळेत कार्यालयात फोन करावा. आपला अर्ज वाचलेली व्यक्तीच फोनवर असेल."

या पत्रात कौतुकाचे एकही वाक्य उगाच घातलेले नाही, हे लक्षात घ्यावे. गोड बोलून नकार दिला की समोरच्याला वाटते, एवढे सगळे चांगले असताना मग नाकारले का? अर्जाविषयी समितीत प्रत्यक्ष जे बोलले गेले तेवढेच लिहावे. त्यासाठी चर्चेच्या वेळीच प्रत्येक अर्जापुढे दोन ओळी टिपून ठेवण्याची सवय समितीला लावावी लागते, कारण बैठक झाल्यावर पंधरा दिवसांनी कारणे आठवत नाहीत आणि मग छापील वाक्याचाच आधार घ्यावा लागतो.

चौथा प्रकार लिहायला कठीण आहे. तिथे उणीव दाखवता येत नाही. समितीची आवड आणि निर्णय एवढेच कारण असते. ते तसेच मान्य करावे: "या वर्षीच्या समितीने इतर प्रस्तावांना प्राधान्य दिले. समिती पुढील वर्षी अंशतः बदलणार आहे आणि आपण हाच प्रस्ताव पुन्हा पाठवू शकता." खोटे तांत्रिक कारण शोधून काढू नये. कलावंत ते दुरुस्त करून परत येतो, पुन्हा नाकारला जातो आणि त्या वेळी त्याची फसवणूकच झालेली असते.

पहिल्या प्रकारच्या पत्रात दुसरी वाट दाखवता आली तर अवश्य दाखवावी. ज्येष्ठ कलावंताचा उदरनिर्वाहासाठीचा अर्ज आला आणि आपला ट्रस्ट फक्त नव्या निर्मितीला पैसा देत असेल, तर राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेची माहिती द्यावी. ५० वर्षांवरील गरजू कलावंतांसाठी असलेल्या या योजनेतील मानधन २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये करण्यात आले आहे. आपल्या दारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला पुढच्या दाराचा पत्ता देणे हेही ट्रस्टचेच काम आहे.

पत्राबरोबर फोनही करावा, निदान जे अंतिम चर्चेपर्यंत आले होते त्यांना तरी. शाहिरांना शाहीर म्हणावे, कीर्तनकारांना बुवा म्हणावे. आयुष्यभर जे संबोधन मिळवले ते अर्जदार झाल्यावर काढून घेऊ नये. यादी सर्वांसमोर लागण्यापूर्वी नकार त्या माणसाला स्वतंत्रपणे कळलेला असावा. फेसबुकवरची यादी खालपर्यंत वाचून आपले नाव नाही हे कळण्याची वेळ कोणावरही येऊ देऊ नये.

यादीत काय छापावे आणि काय झाकावे

प्रकल्पासाठी, दौऱ्यासाठी, संशोधनासाठी किंवा वाद्यासाठी दिलेली मदत पूर्ण तपशिलासह छापावी: नाव, गाव, कलाप्रकार, काम आणि रक्कम. रक्कम छापायला संकोच करू नये. ब्रिटनमध्ये ३६०गिव्हिंग या उपक्रमातून अनेक अनुदानदात्या संस्था कोणाला, कशासाठी आणि किती रक्कम दिली याची माहिती एकाच साच्यात खुली करतात, त्यामुळे कोणीही ती ताडून पाहू शकतो. आपल्याकडे एवढी व्यवस्था नसली तरी दरवर्षीची यादी एकाच नमुन्यात ठेवली, तर काही वर्षांनी आपला पैसा कोणत्या जिल्ह्यांत आणि कोणत्या कलांत गेला हे विश्वस्तांनाच स्वच्छ दिसू लागते. बहुतेकांना तो नकाशा पाहून पुणे-मुंबईचे पारडे किती जड झाले आहे हे प्रथमच कळेल.

आजारपण, उपासमार, वृद्धापकाळ किंवा मुलांचे शिक्षण यांसाठीच्या मदतीचे नियम वेगळे असले पाहिजेत. तिथे नावे छापू नयेत; "वैद्यकीय मदत: सात कलावंत, एकूण अमुक रुपये, तीन जिल्हे" एवढे पुरे. एके काळी शिट्ट्यांच्या गजरात रंगमंचावर उभ्या राहिलेल्या कलावंताला औषधाचा धनादेश हाती धरून छायाचित्रासाठी उभे करणे हा त्याचा अपमान आहे आणि अशी प्रथा असल्यास ती आजच बंद करावी. अर्जासोबत आलेले आधार क्रमांक, बँक खाती, वैद्यकीय कागद यांच्या प्रती किती जणांच्या फोनमध्ये फिरतात हेही तपासावे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी गरजू माणसाचे कागद व्हॉट्सॲप गटात टाकणे गैरच ठरले असते.

देणगीदाराने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर ते जरूर ठेवावे. त्याने कोणत्या अटी घातल्या आहेत, हे मात्र सांगितलेच पाहिजे. "या देणगीतून केवळ शास्त्रीय संगीताला मदत देता येते" ही अट माहीत नसेल, तर भारूड करणारा कलावंत आपल्या कलेला कमी लेखले गेले असे समजणारच.

वर्षातून एकदा समोरासमोर

पावसाळ्यात, अर्जांची मुदत संपण्यापूर्वी, एक खुली बैठक घ्यावी. ती ट्रस्टच्या शहरातील वातानुकूलित सभागृहात घेण्याऐवजी एका वर्षी नारायणगावात, दुसऱ्या वर्षी वडशात किंवा सावंतवाडीत घ्यावी. बाहेरगावहून येणाऱ्यांना एसटीचे भाडे आणि जेवण द्यावे, कारण रोजच्या कमाईवर जगणाऱ्याचा दिवस मोडतो. व्यासपीठ, हारतुरे आणि प्रमुख पाहुणे यांना फाटा द्यावा. विश्वस्तांनी पहिल्या वीस मिनिटांत वर सांगितलेला हिशेब मांडावा आणि उरलेला वेळ फक्त ऐकावे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून देण्याचीही सोय ठेवावी, कारण फडमालकासमोर किंवा संस्थेच्या अध्यक्षासमोर तोंड उघडणे अनेकांना शक्य नसते. स्त्री कलावंतांसाठी, त्यांची इच्छा असल्यास, वेगळी बैठक ठेवावी. ज्या प्रश्नांची उत्तरे तिथे देता आली नाहीत ती महिन्याच्या आत लेखी द्यावीत आणि बैठकीचा वृत्तांत आलेल्या सर्वांना पाठवावा. पहिल्या बैठकीत राग बाहेर पडेल. त्या वेळी खुलासे करत बसू नये, टिपून घ्यावे.

तक्रारीसाठी एक नाव आणि एक फोन क्रमांक जाहीर करावा आणि ती व्यक्ती निवड समितीतील नसावी, एवढे पाहिले की पुरे.

वाईट बातमी लवकर सांगावी. व्याज घटले, मोठा देणगीदार थांबला, मदतीच्या जागा वीसवरून बारावर आल्या, तर अर्ज घेण्यापूर्वीच तसे कळवावे. दिलेल्या पैशाचा गैरवापर झाला तर काय घडले, किती रक्कम परत आली आणि नियमात काय बदल केला हे वार्षिक अहवालात लिहावे. हेतू चांगला असूनही फसलेल्या प्रकल्पाला मात्र गैरवापराच्या रांगेत बसवू नये. नवे वगनाट्य चालले नाही, संशोधनाला हवे ते पुरावे मिळाले नाहीत, या कलेच्या व्यवहारातील नेहमीच्या गोष्टी आहेत आणि ट्रस्टने त्या मोकळेपणाने सांगितल्या तर पुढचे अर्जदारही खोटे यशाचे अहवाल लिहिणार नाहीत.

विश्वस्तांपुढे ठेवायचा ठराव

या सगळ्याला विश्वस्त मंडळातून दोन आक्षेप येतात. पहिला म्हणजे कारणे दिली तर लोक वाद घालतील. काही जण घालतील. पण आज तेच वाद पाठीमागे चालू आहेत आणि तिथे उत्तर द्यायला ट्रस्टचा कोणी नसतो. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे आणि तो खरा आहे. एकशेतीस पत्रे लिहायला एका माणसाचे दोन-तीन आठवडे जातात. मदतीच्या रकमेतून एक जागा कमी करून तो वेळ विकत घ्यावा लागला तरी घ्यावा, असे माझे मत आहे, कारण त्या एका जागेच्या बदल्यात एकशेतीस माणसांना पुढच्या वर्षीचा अर्ज सुधारण्याची संधी मिळते.

तोंडी ठरलेले पदाधिकारी बदलले की विसरले जाते, म्हणून हे ठरावाच्या रूपात मिनिट बुकात आणावे. मसुदा असा ठेवता येईल: "असे ठरले की, यापुढे प्रत्येक अर्जदारास निर्णयाचे कारण निर्णयाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत लेखी कळवण्यात यावे, मदतीसाठी उपलब्ध रक्कम, आलेल्या अर्जांची संख्या व निवड समितीची नावे प्रत्येक फेरीनंतर प्रसिद्ध करण्यात यावीत, वैद्यकीय व उदरनिर्वाहाच्या मदतीतील नावे गोपनीय ठेवण्यात यावीत, आणि वर्षातून एकदा, जुलै महिन्याच्या आत, कलावंतांची खुली बैठक ट्रस्टच्या मुख्यालयाबाहेर घेण्यात यावी." सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह हा ठराव मंजूर झाला, की त्याची प्रत अर्जाच्या मागच्या पानावर छापावी.